डॉक्टर इंगोल्डच्या चित्रातला एक चौकोन

१

श्वांडबाखच्या ग्रामसभागृहात गुरुवारी सकाळी एक गुन्हा उघडकीला आला, आणि तिथल्या लोकांनी सगळ्यात आधी काय केलं, तर ते हसले.

ओरडणारी बाई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. क्लारा वेंगर. भिंतीवरच्या चित्रापुढे उभी राहून ती म्हणत होती, "इथला काळा कुठं गेला? मागच्या गुरुवारी इथं काळा होता!"

चित्र म्हणजे बारा उभ्या रांगा आणि पंधरा आडव्या ओळी. एकशेऐंशी चौकोन. बहुतेक करडे, अधूनमधून पिवळे, निळे, तांबडे. गावात त्याला 'न्हाणीघराच्या फरशा' म्हणतात. फोटो काढावा असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. एकशेऐंशी फरशांतली एक बदलली म्हणून पोलिसांना कोण बोलावतं? त्यांनी मला बोलावलं, तेही बाईचं तोंड बंद व्हावं म्हणून.

मी फ्रेनी स्टेटलर. बर्नमध्ये बिघडलेली चित्रं दुरुस्त करते. कुणी चित्रावर मागाहून हात फिरवला असेल तर ते सांगते. माझा स्वभाव तापट आहे असं माझे दोन्ही नवरे सांगून गेले.

"बाईंचं वय झालंय हो," सरपंच निक्लाउस सिगेनथालर मला दारातच म्हणाला. पन्नाशीचा, गोरागोमटा, हात स्वच्छ. "तुम्ही बघा, सही करा, कॉफी घ्या. पुढच्या शुक्रवारी ग्रामसभा आहे, त्याआधी हे मिटलेलं बरं."

"ग्रामसभेत काय आहे?"

"त्यांच्या भावाच्या आठवणीचा दगड, आणि त्यावर काय कोरायचं ते." एवढं बोलून तो कॉफीकडे वळला.

मी कापसाचा बोळा द्रावणात बुडवला आणि क्लाराबाईंनी दाखवलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यावर फिरवला. डावीकडून तिसरी रांग, वरून अकरावी ओळ. बोळा करडा झाला. दुसरा बोळा करडा झाला. तिसरा फिरवला तेव्हा चित्र काढणाऱ्या डॉक्टर इंगोल्डच्या जुन्या वार्निशखालचा रंग वर आला.

काळाकुट्ट.

२

आता हसणं थांबलं. सगळे एकमेकांकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागले.

असं काय होतं त्या चौकोनात, ते मला क्लाराबाईंनी सांगितलं. सभागृहाबाहेरच्या बाकावर बसून, हातमोजे न काढता.

"आम्ही दोघं अनाथ. मला एका गावात दिलं, ऑटोला इथं. शेतकऱ्यांकडं कामाला. गावानं पोरं अशी वाटून टाकायची तेव्हा. तुम्हाला माहीत असेल."

माहीत होतं. माझी आई त्यातलीच. मरेपर्यंत ती उभ्यानं जेवली, कारण लहानपणी तिला टेबलाशी बसू दिलं नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं नाही.

"छप्पन साली ऑटो गेला. नऊ वर्षांचा. गवताच्या माळ्यावरून पडला म्हणाले. मला महिन्यानं कळवलं. आणि पंचवीस वर्षं झाली तशी कबरही काढली. आपल्याकडं नियमच आहे, मुदत संपली की जागा सपाट. मी आले तर तिथं गवत. तेव्हा डॉक्टर इंगोल्ड मला इथं घेऊन आले. म्हणाले, क्लारा, तुझा ऑटो या चित्रात आहे. कुठं ते विचारू नकोस, मी मेल्यावर पंचवीस वर्षांनी कळेल."

"आणि तुम्ही दर गुरुवारी येत राहिलात."

"अडतीस वर्षं. कबर नाही, मग जायचं कुठं? मला सगळे चौकोन पाठ आहेत. काळा एकच होता."

थिओफील इंगोल्ड हा या गावचा डॉक्टर. पन्नाशीत दवाखाना बंद केला, ब्रश घेतला आणि उरलेलं आयुष्य पट्टीनं आखून चौकोन रंगवले. झ्युरिकमधल्या लोकांनी त्याचं कौतुक केलं. गावानं केलं नाही. त्याचं मोहोरबंद पत्र मंगळवारी मुदतीप्रमाणे सरपंचाच्या खोलीत फोडलं गेलं. मी ते मागून घेतलं आणि वाचलं. चार ओळींचं पत्र.

'प्रत्येक उभी रांग एक शेतघर, डेअरीला दूध घालायच्या नंबराप्रमाणे. प्रत्येक आडवी ओळ एक वर्ष, वरून १९४६ पासून. पिवळा म्हणजे पोराला मार, तांबडा भाजणं, निळा हाड मोडणं, करडा म्हणजे मला काही दिसलं नाही. काळा म्हणजे पोर मेलं, आणि अपघातानं नव्हे.'

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरपंचाला विचारलं, "पत्र मंगळवारी फोडलंत. मग चित्रापाशी कधी गेलात?"

"गुरुवारी."

"खोली ते सभागृह वीस पावलं आहेत!"

"कार्यक्रमपत्रिकेवर चित्राची पाहणी गुरुवारी होती," तो शांतपणे म्हणाला, आणि त्याला यात वावगं काही वाटत नव्हतं. आमच्या या देशात घराला आग लागली तरी ती पत्रिकेवर असावी लागते. त्या दोन दिवसांत कुणीतरी सवडीनं येऊन चौकोन करडा करून गेलं. सभागृहाला कुलूप नसतं.

"पत्र वाचताना कोण होतं?"

"मी, आमचा सदस्य ओबरली, आणि सिस्टर हेडी. माझी आत्या. डॉक्टरांकडं नर्स होती, पत्र तिच्याच ताब्यात होतं." त्यानं कॉफी बाजूला ठेवली. मग मला चित्रापाशी नेऊन डावीकडून बोटानं मोजायला लागला. "एक, दोन, तीन. काळा आहे तीन नंबरच्या रांगेत. म्हणजे ओबरलीच्या घरच्या. आता बघा, आठ, नऊ, दहा. दहा नंबर आमचं घर. ऑटो वेंगर आमच्याकडं होता, ते आम्ही कधी नाकारलं नाही. छप्पन सालचा चौकोन बघा."

मी बघितला. करडा. बोळा फिरवून बघितलं. मूळचाच करडा, डॉक्टरच्या हातचा.

"डॉक्टरांना काही दिसलं नाही," सरपंच म्हणाला. "त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा दगडावर 'मारला' हा शब्द कोरायचा प्रश्नच येत नाही. हो ना?"

मागे क्लाराबाई उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. ज्या चित्राला त्यांनी अडतीस वर्षं कबर मानलं, ते चित्रच आता त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

३

तीन नंबरचा ओबरली सत्तरीचा, धिप्पाड. मी अंगणात पाय ठेवला तेव्हा तो ट्रॅक्टरखालून बाहेर आला आणि हातातला पाना खाली न ठेवता बोलायला लागला.

"या! खुन्याच्या पोराचं घर बघायला आलात? सकाळपासून तिसऱ्या तुम्ही. पाववालीनं आज माझ्या हातात सुटे दिले नाहीत, फळीवर ठेवले!"

"चौकोन तुम्ही रंगवलात का?"

"मला रंगवायचं असतं तर अख्खी भिंत रंगवली असती! अहो, बावन्न साली माझ्या आईला क्षय झाला. डोंगरावरच्या आरोग्यधामात तीन वर्षं होती, परत आली तीही निम्मी. क्षयाच्या घरात गाव पोर ठेवत नसे, वाटल्यास दप्तर बघा. छप्पनला आमच्याकडं पोर नव्हतंच, तर मारलं कुणाला, कुत्र्याला?"

"मग काळा चौकोन तुमच्या रांगेत कसा?"

"त्या रंगाऱ्या डॉक्टरला विचारा! आमच्याच खानेसुमारीची अशी चित्रं काढून गेला. बारा नंबर म्हणे! अरे, बारा घरं तरी कुठं होती? एक नंबर तर एकोणपन्नासला जळालं, माणसं गेली कॅनडाला. आज तिथं बसथांबा आहे. पण डेअरीवाल्यांनी नंबर तसाच ठेवला. इथं माणूस मेला तरी चालतो, नंबर मरत नाही."

तो ट्रॅक्टरकडे वळला आणि पाठमोरा म्हणाला, "माझा बाप दारू प्यायचा, शिव्या द्यायचा. त्यानं पोरांना मारलंही, बावन्नच्या आधी. तिथले पिवळे चौकोन मी कबूल करतो. पण काळा माझा नाही."

मला हा माणूस आवडला नाही. पण खोटं बोलणारा माणूस बापाचे पिवळे चौकोन स्वतःहून कशाला काढून देईल?

४

सिस्टर हेडी चर्चमागच्या दोन खोल्यांत राहत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ताठ, पांढरी कॉलर. तिनं मला वेणीसारखा गुंफलेला ताजा पाव दिला, घरचा मुरंबा दिला. फळीवर बरण्या ओळीनं होत्या, प्रत्येकीवर जखमेला लावतात तसल्या कापडी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर फळाचं नाव.

"डॉक्टर फार मोठा माणूस," ती म्हणाली. "मला सोळाव्या वर्षी त्यांनीच घरातून बाहेर काढलं, कामाला लावलं. मी चौदा वर्षं त्यांची मदतनीस होते. माणसाच्या शरीराची चित्रं काढून ठेवायचे ते, प्रत्येक पेशंटच्या कार्डावर. कुठं दुखतं तिथं रंग. चित्रकारी तिथूनच सुरू झाली."

"चौकोन कुणी बुजवला असेल, सिस्टर?"

"ओबरलीवर तर सगळ्यांचा संशय आहे."

"तुमचा?"

"मी कुणावर संशय घेत नाही."

मी वहीत बारा रांगांची जाळी आखली आणि तिच्यापुढे सरकवली. "पिवळे सगळ्यात जास्त आहेत ते दोन नंबरच्या रांगेत का?" मला खरं तर ते नीट आठवत नव्हतं म्हणून विचारलं. तिचं बोट सरळ उजव्या कडेला गेलं, कडेपासून दुसऱ्या रांगेवर. मग थांबलं. मग हळूच डावीकडे सरकलं.

"माफ करा. हा चष्मा वाचायचा नाही."

मी पाव खाल्ला आणि निघाले. चष्म्यासारखी क्षुल्लक गोष्ट कोण लक्षात ठेवतं!

५

आठवडा गेला, सभेचा शुक्रवार उजाडला. संध्याकाळी सभा. मी चर्चचं दप्तर बघून आले होते. ओबरली खरं बोलला होता. त्याच्या घरी बावन्ननंतर एकही पोर दिलेलं नव्हतं. आणि छप्पन साली गावात फक्त एकच पोर मेलं होतं. ऑटो वेंगर, दहा नंबर.

एकच मृत्यू. एकच काळा चौकोन. आणि तो भलत्याच घरात!

मी रिकाम्या सभागृहात चित्रापुढे खुर्ची टाकून बसले आणि डॉक्टरवर चिडत राहिले. पट्टी घेऊन जगलेला माणूस, त्याची एक रेघ हलत नाही, आणि एवढी मोठी चूक करतो? छे. चूक आमची असणार. आम्ही वाचतोय ते चुकतंय.

मग मी डावीकडच्या पहिल्या रांगेकडे बघितलं. एक नंबर. चोपन्न साली पिवळा, अठ्ठावन्न साली निळा.

एक नंबर एकोणपन्नासला जळालं होतं. बसथांब्यानं कुणाचं हाड मोडलं?

मी उठून उजव्या कडेला गेले. शेवटच्या रांगेत सेहेचाळीसला एक पिवळा, अठ्ठेचाळीसला एक पिवळा, आणि पन्नासपासून तळापर्यंत नुसता करडा. रिकामं घर. एक नंबर हे होतं. उजवीकडचं! डॉक्टरनं नंबर उजवीकडून मांडले होते. म्हणजे उजवीकडून तिसरी रांग ओबरलीची. आणि डावीकडून तिसरी, उजवीकडून मोजली तर...

आठ. नऊ. दहा.

ऑटो तिथंच होता. क्लाराबाई नेमक्या त्याच्याच पुढं ओरडत होत्या, आणि आम्ही सगळे शहाणे त्यांना समजावत होतो की तो दुसरीकडं आहे.

आता दुसरा प्रश्न आपोआप सुटत होता. सरपंचानं चौकोन बुजवला नव्हता. तो डावीकडून मोजत होता. त्याच्या हिशेबानं त्याच्या घरचा चौकोन आधीपासून करडाच होता, बुजवायचं काय? ओबरलीच्या घरात मेलेलं पोर नव्हतं. ज्यानं बुजवलं त्याला नेमका ऑटोचा चौकोन ठाऊक होता. त्याचं बोट उजवीकडून मोजायला आपोआप जात होतं.

मी भिंग काढून त्या चौकोनाच्या कडा बघितल्या. करड्या रंगाची धार सरळ येण्यासाठी कडेनं पट्टी चिकटवली होती. निघताना तिचे दोन पांढरे सुती धागे ओल्या रंगात राहिले होते.

६

"सिस्टर," मी दारातूनच विचारलं, "तुम्ही रांगा कुणाच्या डावीकडून मोजता?"

"पेशंटच्या," ती म्हणाली. "अजून कुणाच्या? पेशंट आपल्याकडं तोंड करून बसलेला असतो."

ती इतक्या सहज बोलली की बोलून झाल्यावरच तिला कळलं. हातातली किटली तिनं जपून खाली ठेवली.

"डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी तेच शिकवलं," ती हळू म्हणाली. "त्याचा डावा तो डावा, तुझा नव्हे. त्यांनी चित्रालाही समोर बसवलं. मला वाटलं, सगळ्यांना ते दिसेल. म्हणून बुजवला. नसता बुजवला तर ही सगळी बैलं डावीकडून मोजत बसली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं."

"कळलं असतं. चित्रात एकच काळा आहे आणि दप्तरात एकच मेलेलं पोर. आज ना उद्या कुणीतरी जोडलंच असतं. तुम्ही नुसतं ओबरलीला आठवडाभर खुन्याचा पोर करून ठेवलंत. आणि क्लारा वेंगरला खोटारडी."

"मला निक्लाउसचा विचार होता. पोरानं काय केलंय? त्याचं नाव..."

"नाव!" माझा आवाज चढला. "अडतीस वर्षं ती बाई त्या भिंतीपुढे उभी राहिली आणि तुम्ही चर्चला जाताना तिला नमस्कार करत होतात!"

"आणि डॉक्टर?" आता तीही चिडली. "त्यांच्यावर ओरडा की! दाखल्यावर 'माळ्यावरून पडला' असं कुणी लिहिलं? त्यांनीच! सरपंच तेव्हा माझा बाप होता, त्यानं समोर बसून लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी आयुष्यभर चौकोन रंगवले. काय सुंदर रंगवले! झ्युरिकचे लोक टाळ्या वाजवायचे. मी ब्रश धुऊन द्यायचे."

ती म्हणाली ते खरंच होतं. मलाही त्या क्षणी ते चित्र भिंतीवरून ओढून काढावंसं वाटलं. जो माणूस एक ओळ लिहून एका पोराला न्याय देऊ शकला असता, त्यानं त्याऐवजी एकशेऐंशी चौकोन आखले आणि चावी पंचवीस वर्षं मातीत पुरली, म्हणजे जाब विचारणारं कुणी उरायला नको. भित्र्या माणसाची सुंदर गोष्ट ती.

"सभेला साडेसात वाजता यायचं," मी म्हटलं. "नाही आलात तर मी एकटीच बोलेन, आणि मी तुमच्याइतकी जपून बोलणार नाही."

७

सभागृह भरलं होतं. मी सगळं मांडलं. जळालेलं घर, उजवीकडून मोजणी, पट्टीचे धागे. सगळ्यांच्या समोर उरलेला करडा रंग बोळ्यानं काढला. काळा चौकोन पूर्ण दिसला तेव्हा मागे कुणीतरी टोपी काढली. ओबरली जागेवरून उठला आणि पाववालीकडे वळून म्हणाला, "उद्यापासून सुटे हातात!" कुणीच हसलं नाही.

सरपंचाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी सवय सवय असते. तो म्हणाला, "दगडाला आमची हरकत नाही. शब्द असे सुचवतो. 'ऑटो वेंगर, दुर्दैवी परिस्थितीत निधन.' ज्यांची संमती आहे त्यांनी हात..."

"हात खाली," सिस्टर हेडी म्हणाली.

ती शेवटच्या रांगेत उभी होती. "परिस्थितीत नाही, निक्लाउस. तुझ्या आजोबानं मारला. दूध सांडलं म्हणून, गाडीच्या जुवानं. चौकोन मी बुजवला. लिहून घे."

"आत्या, इथं सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच. डॉक्टरांना आणायला मला तिसऱ्या दिवशी पाठवलं. मी पंधरा वर्षांची होते. पळत जाऊन पहिल्या दिवशी आणता आले असते. बापानं नको म्हटलं, मी गेले नाही."

मला वाटलं होतं, आता क्लाराबाई तिच्या अंगावर धावून जातील. मी तर गेले असते. त्या उठल्या, खुर्च्यांमधून वाट काढत हेडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना शब्दाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, दगडाबद्दलही नाही.

"त्यानं मला हाक मारली का?"

हेडीनं तोंड फिरवलं नाही, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन.

"मारली," ती म्हणाली. "दोन दिवस. माळ्यावरून आवाज खाली यायचा. आम्ही जेवत होतो."